शनीचं कडं कुठे गेलं? – मागीलदारची दुर्बीण आणि वाडीतली बारा पोरं

माडाखालचा | २८ डिसेंबर २०२५, सकाळी ७:४०

मंडळी, काल शनिवारी आमच्या देवरुखच्या घरी मागीलदारी दुर्बीण लावली. सहा इंची आरसा, डॉब्सोनियन बैठक (हाताने फिरवायची, मोटार नसलेली), नाभीय अंतर १२०० मिमी. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं, दोन: २५ आणि १० मिमीच्या. बघायला वाडीतली बारा पोरं, त्यांच्या आया, शेजारचे दोन आजोबा आणि आमची आजी, वय वर्षं ८१.

पावणेसातला चंद्रापासून सुरुवात केली. अष्टमीचा, बरोबर अर्धा. २५ च्या नेत्रिकेतून, म्हणजे (१२०० भागिले २५) ४८ पटीने, अख्खा चंद्र आत मावत होता. पोरांचा एकच गलका. आजीला स्टूल दिलं, चष्मा काढून बघायला सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ह्याला आंबोळीसारखी जाळी पडलीय रे. खालच्या बाजूला दाट आणि वर विरळ." मी परत डोळा लावून पाहिलं, तर खरंच तसं. इतकी वर्षं चंद्र बघतोय, पण विवरं एका अंगाला दाट आहेत हे इतक्या नेमकेपणाने मला कधी जाणवलं नव्हतं.

मग शनी. चंद्राच्या जवळच होता, थोडा पश्चिमेला. १० ची नेत्रिका लावली, १२० पट. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "काका, ह्या मण्यातून टाचणी घातलीय." तिच्याच वर्गातला एक मुलगा मात्र रागावला. त्याला पुस्तकातल्या चित्रातलं रुंद कडं हवं होतं. "हा शनी नाहीच," म्हणाला आणि पायरीवर जाऊन बसला. मला फार वाईट वाटलं. हा मुलगा दुपारी चारपासून येऊन बसला होता.

गुरू माडांच्या वर यायला नऊ वाजले. तोवर जेवायच्या वेळा झाल्या आणि पाचच पोरं उरली.

तर विचारायचं असं: क्रम काय ठेवावा? यंदा शनी दाखवावा की वगळावा? आणि वाडीतल्या सगळ्यांचं म्हणणं आहे की पुढचा कार्यक्रम कोजागरीला ठेवा, दूधही होईल. ठेवू का?

---

निशाचर | २८ डिसेंबर, ९:१५

टाचणी! त्या मुलीने अगदी नेमकं पाहिलंय.

शनीचा अक्ष त्याच्या कक्षेशी सुमारे २७ अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवतीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. त्यामुळे त्या फेरीत दोनदा, म्हणजे दर चौदा-पंधरा वर्षांनी, कडी आपल्याला बरोबर कडेवरून दिसतात. या वर्षी २३ मार्चला पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली, तेव्हा शनी सूर्याच्या जवळ असल्याने बघता आला नाही. नोव्हेंबरात कडी पुन्हा जवळजवळ मिटली आणि आता कुठे किंचित उघडायला लागली आहेत. जेवणाचं ताट डोळ्यांसमोर आडवं धरा, फक्त काठाची रेघ दिसेल. तसंच हे. कड्यांचा विस्तार पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास आणि जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. रेघ तरी दिसली हेच विशेष.

रागावलेल्या मुलाला सांगा की त्याच्याआधी हा धक्का गॅलिलिओला बसला होता. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना एकेक गोळा दिसला. १६१२ मध्ये बघतो तर दोन्ही गायब. ते कडं आहे हे पुढे हायगेन्सने ओळखलं, १६५० च्या दशकात. म्हणजे हा मुलगा ज्या कोड्याशी अडला, ते सुटायला युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांना चाळीसेक वर्षं लागली.

शनी वगळू नका. असा शनी पुन्हा बघायला त्या पोरांना पंचविशीजवळ यावं लागेल.

---

केवड्याचं पान | ९:३२

वाचतेय. आजींची आंबोळी फार आवडली.

---

आरसेघासू | ११:०५

पुण्याहून. टिळक स्मारकात ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे जाऊन सहा इंची आरसा स्वतः घासला, त्यालाही बरीच वर्षं झाली. (१९४४ ची संस्था. कुणाला आरसा घासायला शिकायचं असेल तर तिथे जरूर विचारा. काचेवर काच फिरवताना ती हळूहळू खोलगट होत जाते, तो अनुभव घ्यायलाच हवा.)

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. चंद्र शेवटी. एकदा चंद्र बघितला की ग्रह चिमुकले वाटतात. डोळ्यांसमोर डोंगरदऱ्या असताना वाटाण्याएवढ्या शनीचं कोण कौतुक करणार? आधी शनी, मग गुरू, मग चंद्र. चढत्या क्रमाने न्या.

---

सोलापुरी बाई | १२:४०

आरसेघासू, इथे मी तुमच्या विरुद्ध. मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि बावीस वर्षांत किती मुलांना दुर्बिणीतून दाखवलं याचा हिशेब नाही.

लहान मूल पहिल्यांदा नेत्रिकेला डोळा लावतं तेव्हा त्याला काहीच दिसत नाही. ते खोटं सांगत नाही, त्याला बघता येत नसतं. डोकं हलतं, दुसरा डोळा मिटताना दोन्ही मिटतात, आधाराला नळीच धरतं आणि ग्रह बाहेर जातो. चंद्र एवढा मोठा आणि तेजस्वी की चुकत चुकत का होईना सापडतो. चंद्रावर मूल बघायला शिकतं. मग त्याला शनी द्या. माझे नियम: हात पाठीमागे, दुसऱ्या डोळ्यावर रुमाल, आणि बघून झाल्यावर "दिसलं का?" असं विचारायचं नाही. "काय दिसलं?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला सगळी मुलं "हो" म्हणतात.

अजून एक. हातात कोरा कागद द्या, त्यावर बांगडीने काढलेलं वर्तुळ. जे दिसेल ते त्यात काढायचं. चित्र काढणारं मूल तीन मिनिटं बघतं, नुसतं बघणारं पाच सेकंद.

---

आरसेघासू | १:१०

काकू, दोन्ही डोळे मिटतात हे खरं आहे, याचा मी विचारच केला नव्हता. पाच-दहा वर्षांच्या मुलांसाठी तुमचा क्रम मान्य. मोठ्यांसाठी मात्र माझाच.

---

गच्चीवाला डोंबिवली | २:२५

शहरातल्या लोकांसाठी लिहितो, कारण 'इथे काय दिसणार' म्हणून अनेकांच्या दुर्बिणी माळ्यावर पडून असतात. अंधार लागतो तो तेजोमेघांना आणि दीर्घिकांना. त्यासाठी आम्ही वांगणीला जातो, खगोल मंडळाचे कार्यक्रम तिथे होतात. चंद्र, गुरू आणि शनी मात्र रस्त्यावरच्या दिव्यांना भीक घालत नाहीत.

त्यांना लागते स्थिर हवा. आणि गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो, तो रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो. गुरू अक्षरशः उकळताना दिसतो. माडाखालचा, तुमची मागीलदारची माती याबाबतीत स्लॅबपेक्षा कितीतरी बरी. दुर्बीण मात्र पाऊणएक तास आधी बाहेर काढून ठेवा. आरसा हवेइतका गार झाला नाही तर नळीतच झुळुका फिरतात आणि गुरूचे पट्टे पुसट होतात.

कोकणात दवाचं काय करता?

---

माडाखालचा | २८ डिसेंबर, रात्री ८:५०

दव हा मोठा त्रास. काल साडेनऊला नेत्रिका धुकटली. पुसायचा मोह आवरला आणि ती पाच मिनिटं खिशात ठेवली, उबेने आपोआप निवळली.

दुसरी अडचण अशी, की १२० पटीने शनी शंभर सेकंदांत दृश्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. आजी स्टुलावरून उठून टेकेपर्यंत तो गेलेला. तीनदा असं झालं. मोटार नसलेल्या दुर्बिणीत काय करता?

---

निशाचर | ९:२०

ग्रह मधोमध ठेवू नका. ज्या काठाने तो आत शिरतो तिथे ठेवा आणि म्हणा, "बघत राहा, आता सरकेल." अख्खा प्रवास आजींच्या वाट्याला येईल. शिवाय हे सरकणं म्हणजे पृथ्वीचं फिरणं आहे, तेही त्यांना सांगा. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

---

हुरहूर | २९ डिसेंबर, १०:००

धागा वाचून जुनी सल वर आली. चार वर्षांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला एका दुकानातून दुर्बीण घेतली. खोक्यावर '६७५ पट' आणि शनीचं रंगीत छायाचित्र. प्रत्यक्षात ६० मिमीचं भिंग आणि वाऱ्याने हलणारी तिवई. मुलाला धुरकट डाग दिसला. त्याने परत कधी दुर्बिणीचं नाव काढलं नाही. आता तो तेरा वर्षांचा आहे. उशीर झाला का?

---

आरसेघासू | १०:४५

मुळीच नाही. दुर्बीण टाकूही नका. ढोबळ नियम असा, की भिंग किंवा आरसा जितके मिमी, त्याच्या दुपटीपर्यंतच मोठेपणा उपयोगी. तुमच्याकडे १२० पट, त्यापुढे नुसता धूर. सर्वांत जास्त मिमीची नेत्रिका लावा, सोबत आलेली, पट वाढवणारी बार्लो भिंगाची नळी बाजूला ठेवा आणि तिवईच्या मधल्या कप्प्यात दोन विटा ठेवा, हलणं कमी होईल. मग चंद्रावर धरा. ६० मिमीत टायको, कोपर्निकस ही विवरं, गुरूचे चार चंद्र, सगळं दिसतं. गॅलिलिओकडे याहून बरंच कमी होतं.

---

यारा नदीकाठी | २९ डिसेंबर, १:३०

मेलबर्नहून. इथे चंद्र उलटा दिसतो. लहानपणी साताऱ्यात पाहिलेला ससा इथे डोक्यावर उभा आहे, आणि शुक्ल पक्षातला चंद्र डावीकडून उजळतो. मृग नक्षत्रही उताणं. आल्यावर पहिलं वर्षभर मला आकाशाकडे बघून परकं वाटायचं.

मग न्यूटोनियन, म्हणजे तुमच्यासारखी आरशाची दुर्बीण घेतली. ती प्रतिमा उलटी करते, म्हणजे माझ्यासाठी उलट्याचं सुलट. पहिल्यांदा नेत्रिकेत डोळा घातला आणि साताऱ्याच्या अंगणातला चंद्र समोर आला. खूप रडले त्या रात्री.

माडाखालचा, तुमच्या आजींना दुर्बिणीत दिसला तो चंद्र मला इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

---

माडाखालचा | २:०५

म्हणजे आजीला "खालच्या बाजूला दाट" दिसलं ती चंद्राची...

---

यारा नदीकाठी | २:२०

उत्तरेची असणार. पण दाट विवरं तर दक्षिणेला आहेत! आजींनी बघताना नेत्रिका कोणत्या बाजूला होती? न्यूटोनियनमध्ये बघणारा वाकून कुठून बघतो त्यावर 'वर-खाली' बदलतं.

---

माडाखालचा | २:४०

बरोबर. आजी स्टुलावर बसून मान तिरकी करून बघत होती. मी तिला परत नीट विचारलं. "खाली म्हणजे माझ्या हनुवटीकडे," म्हणाली.

---

पाटीवरची अक्षरं | २९ डिसेंबर, ४:१५

आंबोळीची उपमा दिसायला सुंदर आहे, पण मुलांना सांगताना जपून. आंबोळीची जाळी आतून बुडबुडे फुटून पडते. चंद्रावरची विवरं बाहेरून आदळलेल्या दगडांनी पडली आहेत.

---

सोलापुरी बाई | ५:००

पण बुडबुड्यासारखं काही आतून फुटलं असावं, असं जाणकारांनाही फार काळ वाटत होतं. ज्वालामुखी की आघात, हा वाद विसाव्या शतकातही चालू होता. अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांनंतर आघाताची बाजू पक्की झाली. आजींना जे सुचलं ते मुलांना जरूर सांगा आणि मग परातीत पीठ घेऊन त्यात गोट्या टाकून दाखवा. कड कशी उठते, शिंतोडे कसे पसरतात, सगळं दिसतं. मग त्यांनाच ठरवू दे.

---

जुनी पाने | ३० डिसेंबर, ९:५०

पुण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये एकेकाळी २० इंची आरशाची दुर्बीण होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, आणि ती चालवणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. १८९८ च्या २२ जानेवारीचं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊरला जाऊन टिपलं, सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर. पुढे वेधशाळा बंद झाली आणि १९१२ मध्ये ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात राहून हे नाव ठाऊक नसलेले कितीतरी खगोलप्रेमी मला भेटतात, आणि दर वेळी जीव हळहळतो.

---

सोलापुरी बाई | १०:३०

जेऊर! आमच्या जिल्ह्यातलं आणि मलाच ठाऊक नव्हतं. शाळा उघडली की पहिल्या दिवशी मुलांना सांगणार. आभार.

---

गच्चीवाला डोंबिवली | ११:१५

मूळ प्रश्नाकडे येतो. कोजागरीला दुर्बीण नको. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीत. भर दुपारी सह्याद्रीचा फोटो काढल्यासारखं सगळं सपाट. विवरांची खोली दिसते ती उजेड-अंधाराच्या सीमेवर, आणि ती सीमा चंद्राच्या मधोमध येते अष्टमीला.

---

केवड्याचं पान | ११:५०

मला हे पटत नाही. कोजागरीला आमच्या सोसायटीत सत्तर माणसं आपणहून गच्चीवर येतात. अष्टमीला बोलावलं तर सात येतील. आणि पौर्णिमेलाही बघण्यासारखं आहेच की. टायकोपासून निघालेले पांढरे पट्टे, चंद्रभर पसरलेले, तेव्हाच सर्वांत छान दिसतात. मी दोन वर्षं दाखवतेय. दुधाचा पेला हातात घेऊन रांगेत उभे राहिलेले आजोबा "अरे, ही तर कापलेल्या पेरूसारखी रेषा" म्हणाले, तेव्हा मला धन्य वाटलं.

---

निशाचर | १२:३०

केवड्याचं पान यांचा मुद्दा वजनदार आहे. शिवाय २०२६ ची कोजागरी ऑक्टोबरच्या शेवटी येते. शनीची प्रतियुती (आकाशात तो सूर्याच्या बरोबर समोर) ४ ऑक्टोबरला, म्हणजे तेव्हा संध्याकाळपासून शनी वर असेल आणि कडी आजच्यापेक्षा चांगली उघडलेली. दोन्ही करा. पण रागावलेला मुलगा दहा महिने थांबणार नाही. त्याच्यासाठी २६ जानेवारी घ्या. सोमवार, सुट्टी, आणि पुन्हा अर्धा चंद्र. गुरूची प्रतियुती १० जानेवारीला होऊन गेलेली असेल, त्यामुळे साडेसातला तो माडांच्या बराच वर आलेला असेल.

गुरू एकदा दाखवून सोडू नका. साडेसातला एकदा, साडेनऊला एकदा, दोन्ही वेळा चित्र काढून घ्या. त्याच्या चार मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत आतला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो. दोन तासांत काहीतरी हललेलं दिसतंच. आणि तो उजेड आपल्यापर्यंत यायला अर्ध्या तासाहून जास्त लागलेला असतो, तेही सांगा.

---

हुरहूर | १२:४५

मंगळ आणि शुक्र?

---

निशाचर | १:०५

दोघेही सध्या सूर्याच्या पलीकडे. मंगळासाठी २०२७ चा फेब्रुवारी धरून ठेवा.

---

सोलापुरी बाई | १:२०

२६ ला मुलं दुपारपासून येऊन बसतील. सूर्य मावळेपर्यंत नळीला झाकण आणि दुर्बिणीपाशी एक मोठं माणूस हवंच. कुतूहलाने नळी सूर्याकडे वळवली तर क्षणात डोळा जातो. याला अपवाद नाही.

---

माडाखालचा | २७ जानेवारी २०२६, सकाळी ८:१५

काल झाला कार्यक्रम. उशिरापर्यंत जागलो, तरी आधी इथे लिहायला बसलो.

एकोणीस पोरं आली. सोलापुरी बाईंच्या सांगण्यावरून चंद्र आधी, हात पाठीमागे, डोळ्यावर रुमाल. चंद्राच्या मधोमध सीमारेषेजवळ तीन मोठी विवरं एकाखाली एक: टॉलेमियस, अल्फॉन्सस, अर्झाकेल. टॉलेमियस दीडशे किलोमीटरहून रुंद आहे म्हटल्यावर एकाने विचारलं, "त्यात आपला रत्नागिरी जिल्हा मावेल?" लांबीने अख्खा नाही तरी बराचसा मावेल म्हटलं.

मग शनी, पश्चिमेला उतरत आलेला. तो रागावलेला मुलगा येईल की नाही याची धाकधूक होती. आला. त्याच्या हातात घरचं ताट दिलं आणि डोळ्यांसमोर हळूहळू आडवं करायला लावलं. मग गॅलिलिओची गोष्ट सांगितली. तो दुर्बिणीशी गेला आणि काठावरून शिरलेला शनी पलीकडे जाईपर्यंत बघत राहिला. त्याच्या कागदावर एक ठिपका आणि त्याच्या आरपार रेघ आहे. खाली लिहिलंय, 'शनी, कडेवरून.'

गुरूची चित्रं दोनदा काढून घेतली. टॉर्चला लाल कागद लावून सगळे चुलीजवळच्या ओट्यावर बसले आणि पहिलं चित्र दुसऱ्याशेजारी ठेवून बघायला लागले. एका ठिपक्याचं गुरूपासूनचं अंतर कमी झालेलं, जवळजवळ सगळ्यांच्या कागदावर. त्या टाचणीवाल्या मुलीने तर बोटाने मोजून दाखवलं. एकोणीस पोरांत काही क्षण आवाज नव्हता.

आजीने या वेळी सरळ बसून बघितलं आणि म्हणाली, "आज जाळी वरच्या बाजूला." यारा नदीकाठी, हे तुमच्यासाठी.

जाताना त्या मुलाने विचारलं की कडं पूर्ण उघडं कधी दिसेल. २०३२ म्हटलं. त्याने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "तेव्हा माझी दहावी झालेली असेल. मी येईन."

आजीने विचारलंय, पुढची अष्टमी कधी?

---

निशाचर | २७ जानेवारी, ८:३०

२४ फेब्रुवारी, मंगळवार. आजींना नमस्कार सांगा.